पायऱ्यांवर कोण बसणार? लंडनच्या संग्रहालयातील एक मूक वाद

१/ लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातील नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मुख्य दालनात पाऊल ठेवले की नजर आपोआप वर जाते. तेथे निळ्या देवमाशाचा २५.२ मीटर लांबीचा सांगाडा टांगलेला आहे. पुढे भव्य जिना आणि त्यावर आसनस्थ संगमरवरी चार्ल्स डार्विन. आजचा धागा या आसनाविषयी.

२/ हे संग्रहालय उभे राहिले ते रिचर्ड ओवेन यांच्या चिकाटीमुळे. ‘डायनोसोरिया’ ही संज्ञा १८४२ मध्ये त्यांनीच दिली. ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गविषयक संग्रहाला स्वतंत्र वास्तू हवी, हा आग्रह त्यांनी वर्षानुवर्षे धरला. आल्फ्रेड वॉटरहाउस यांनी साकारलेली ती वास्तू १८ एप्रिल १८८१ रोजी खुली झाली.

३/ मात्र ओवेन हे डार्विन यांचे कडवे टीकाकार. १८६० मध्ये त्यांनी डार्विन यांच्या ग्रंथावर निनावी, बोचरे परीक्षण लिहिले होते. आता संग्रहालयाच्या भिंती पाहा. टेराकोटातील प्राणी पश्चिमेकडे हयात, तर पूर्वेकडे नामशेष. ही विभागणी ओवेन यांच्या इच्छेने झाली, असे मानले जाते. डार्विन ज्यांना एकाच वंशवृक्षाच्या शाखा म्हणत होते, त्यांच्यात येथे अख्खी इमारत उभी आहे!

४/ डार्विन १८८२ मध्ये निवर्तले. १८८५ मध्ये जोसेफ बोहम यांनी घडवलेला त्यांचा पुतळा याच जिन्यावर बसला. अनावरणाचा मान कोणाला? ओवेन यांचे जुने प्रतिस्पर्धी थॉमस हक्स्ली यांना. त्या वेळी ओवेन हयात होते.

५/ १९२७ मध्ये पारडे फिरले. डार्विन यांना हलवून तेथे ओवेन यांचा पुतळा बसवण्यात आला. पुढे २००९ मधील डार्विन जन्मद्विशताब्दीच्या निमित्ताने डार्विन पुन्हा मूळ जागी परतले.

६/ या संग्रहाला भारताचाही धागा आहे. १८३० च्या दशकात ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली यांनी शिवालिक टेकड्यांत मिळवलेले असंख्य जीवाश्म ब्रिटिश म्युझियमकडे गेले व पुढे या वास्तूत आले. आपल्या डोंगरांचा प्राचीन इतिहास अभ्यासण्यासाठी लंडन गाठावे लागते, हाही इतिहासच.

७/ म्हणून संग्रहालयात केवळ वस्तू पाहू नका. कोणती वस्तू कोठे ठेवली, कोणी ठेवली आणि तिच्यासाठी कोणाला हलवले, हेही विचारा. मांडणी हासुद्धा एक दस्तऐवजच असतो. तुमच्या शहरातील संग्रहालयात दर्शनी जागा कोणाला मिळाली आहे?