लॅटिमरला कोण कोण होतं

माझ्या आजेसासूबाईंना गोष्ट सांगताना हातात काहीतरी निवडायला लागायचं. मटार, घेवडा, काहीही. पेन्सिल्व्हेनियाच्या ईशान्य कोपऱ्यात, हेझल्टनच्या आसपासच्या कोळशाच्या टापूत त्यांची हयात गेली. ‘आमचे वडील लॅटिमरला होते’, ही त्यांची हुकमी गोष्ट. शेजारचा माणूस गोळी लागून कोसळला, वडील रस्त्याकडेच्या चरात आडवे झाले म्हणून वाचले. एवढं सांगून त्या किडका मटार बाजूला टाकायच्या आणि पुढचं सांगायच्या नाहीत.

लॅटिमरची हकीकत अशी. १८९७च्या ऑगस्टात या भागातल्या खाणींमध्ये संप सुरू झाला. कामाचे तास वाढले होते, पगार नव्हता वाढला. शिवाय त्याच वर्षी राज्यानं एक कर आणला होता: नागरिकत्व न घेतलेल्या परदेशी कामगारामागे दिवसाला तीन सेंट, आणि मालकाला ते त्याच्या मजुरीतून कापून घ्यायची मुभा. (न्यायालयात हा कर टिकला नाही, पण पोटात गेलेला राग थोडाच परत निघतो!) १० सप्टेंबरला हारवूडहून तीन-चारशे संपकरी अमेरिकेचा झेंडा घेऊन लॅटिमरची खाण बंद करायला निघाले. हातात शस्त्र नव्हतं. शेरीफ जेम्स मार्टिन आपली बंदूकधारी माणसं घेऊन वाटेत उभा होता. किमान १९ माणसं मेली, बहुतेक पोलिश, स्लोव्हाक, लिथुआनियन. कित्येकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. म्हणजे ती पळत होती. पुढच्या वर्षी विल्क्स-बॅरीला खटला चालला आणि शेरीफसह सगळे निर्दोष सुटले.

आजेसासूबाई गेल्यावर नवऱ्याला घराण्याची मुळं शोधायचा नाद लागला आणि मी त्यात आपसूक ओढली गेले. १९१०च्या जनगणनेचं पान सापडलं. वळणदार, घाईतलं हस्ताक्षर. कुटुंबप्रमुख म्हणून पणजोबांचं नाव, स्पेलिंग भलतंच. मातृभाषा स्लोव्हाक. अमेरिकेत आल्याचं वर्ष: १९०३.

‘म्हणजे आजी थापा मारायची?’ नवऱ्याचा चेहरा उतरला. मला मात्र फारसा धक्का बसला नाही. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे ज्या घरात विचाराल त्या घरात एक तरी आजोबा पत्रीसरकारात होते. सगळे खरोखरच असते तर इंग्रज बेचाळीसच्या दिवाळीआधीच बोटीत बसला असता.

मी त्या पानाच्या खालच्या ओळी वाचू लागले. पणजोबा, पणजी, दोन लेकरं आणि त्यांच्याखाली पाच भाडोत्री, सगळे खाणीत कामाला. त्यांतल्या एकाचं येण्याचं वर्ष होतं १८९४. तोच लॅटिमरला होता असं मी म्हणणार नाही, त्याला पुरावा नाही. पण पाच परक्या पुरुषांचं जेवणखाण, कोळशानं काळ्याकुट्ट झालेले कपडे, त्यांच्या अंघोळीचं पाणी हे सगळं पणजीच्या अंगावर होतं. तिच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी कोण काय बोललं, याची नोंद कुठल्या सरकारी रकान्यात व्हायची? गोष्ट घरात होती हे नक्की. ती कुणाच्या पायांनी आत आली, एवढाच वाद.

ते स्वयंपाकघर कसं असेल हे एक्लीला गेल्यावर कळलं. १८५४ मध्ये वसवलेली ही खाणकामगारांची वस्ती आता सरकारी संग्रहालय आहे. एकच लांब रस्ता. एका टोकाला मजुरांची तांबडी जोडघरं, मधल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक कुटुंब. जसजसं पुढे जावं तसतशी हुद्द्याप्रमाणे घरं मोठी होत जातात आणि पार दुसऱ्या टोकाला मालकाचा बंगला. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, उधारीची वही कंपनीची. गंमत म्हणजे इथला कोळसा फोडायचा उंच कारखाना, ज्याला ब्रेकर म्हणतात, तो चक्क सिनेमातला! शॉन कॉनरीच्या १९७०च्या ‘द मॉली मॅग्वायर्स’साठी स्टुडिओनं उभारलेला. खऱ्या ब्रेकरमध्ये आठ-दहा वर्षांची पोरं घसरणीवर वाकून कोळशातले दगड हातानं वेचायची. हातमोजे घालू देत नसत, बोटं सुजून लाल व्हायची. पणजोबांच्या थोरल्या मुलानंही हे काम केलं होतं. आजेसासूबाईंनी ते कधी सांगितलं नाही. आपल्या भावाची बोटं ही कुणाला सांगायची गोष्ट वाटली नसेल.

लॅटिमरला स्मारक उभं राहिलं ते १९७२ मध्ये, गोळीबाराला ७५ वर्षं झाल्यावर. इतका उशीर का, हे एक्लीचा रस्ता पाहिल्यावर विचारावं लागत नाही. ज्याच्या घरात राहायचं त्याच्याविरुद्ध दगडात काय कोरणार? कोर्टानं माफ केलेलं घरांनी लक्षात ठेवलं, तारखा चुकवून, माणसं बदलून. म्हणून मी आजेसासूबाईंच्या बाजूची.

हेझल्टनमध्ये आज बहुसंख्य लोक लॅटिनो आहेत, बरेचसे डोमिनिकन. २००६ मध्ये गावानं बेकायदा स्थलांतरितांना घर भाड्यानं देणाऱ्यांना दंड करायचा वटहुकूम काढला. पुढच्याच वर्षी न्यायालयानं तो रद्द ठरवला. आमचे चुलतसासरे अजून त्या वटहुकमाचे कैवारी आहेत आणि लॅटिमरची गोष्ट तेच सगळ्यांत रंगवून सांगतात. कोबी घातलेल्या हलुश्की वाढता वाढता मी त्यांना तीन सेंटांच्या कराबद्दल विचारलं. ‘आमचे लोक कायद्यानं आले होते,’ ते म्हणाले. मी म्हटलं, ‘काका, गोळ्याही कायद्यानंच घातल्या होत्या. कोर्टाचा निकाल आहे तसा.’ त्यावर त्यांनी तेव्हाची गोष्ट वेगळी होती असं सांगितलं, मी ती कशी वेगळी ते विचारलं, आणि कॉफी होईपर्यंत आमचं तेच चाललं होतं.