पाटीचा खर्च आणि गुत्त्याची जमा

लक्ष्मीपूजनाला जमाखर्चाच्या वहीवर हळदकुंकू वाहताना मला दरवर्षी एक निराळीच वही आठवते, ती आपल्या जुन्या मुंबई प्रांताची. लक्ष्मी तिच्यातही येत असे. पण कोणत्या दाराने, ते पाहण्यासारखे आहे.

१९१९ च्या सुधारणा कायद्यान्वये १९२१ पासून शिक्षण आणि आरोग्य ही खाती लोकांच्या मंत्र्यांकडे आली. खर्च वाढता, जमा मात्र आखडती! मुंबईच्या गिरण्या-पेढ्यांचा प्राप्तिकर आणि बंदरावरची जकात गेली हिंदुस्थान सरकारकडे. प्रांताला उरल्या मुख्यतः तीन बाबी : शेतसारा, मुद्रांक आणि अबकारी. सारा तीस तीस वर्षांसाठी बांधलेला. पाऊस बुडाला की त्यातही सूट द्यावयाची. मुद्रांकाची पुष्कळशी भिस्त लोकांच्या कोर्टकज्ज्यांवर. राहता राहिली अबकारी. म्हणजे पोराने शाळेत पाटी उघडावी आणि तिचा खर्च गुत्त्यात बसलेल्या बापाने भरावा! १९३७ साली गांधीजींनी नेमके याच विपरीत प्रकारावर बोट ठेवले.

त्याच वर्षी बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. त्यातले डॉ. गिल्डर हे हृदयरोगाचे नामांकित वैद्य. अबकारीचे खाते त्यांच्याकडे होते. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी झाली. तिजोरीचे भगदाड बुजवण्यासाठी शहरी स्थावर मिळकतींवर भाडेमूल्याच्या शेकडा १० कर बसला. घरमालक खवळले. प्रांताला हा अधिकारच नाही, असा दावा उच्च न्यायालयात गेला. पण कर टिकला. नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. दारूबंदी ढिली पडली, कर मात्र मागे राहिला! मद्रासेत राजाजींनीही दारूबंदीच्या जोडीला १९३९ साली सर्वसाधारण विक्रीकर आणला. मुंबईत तो १९४६ साली आला. ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यभर दारूबंदी झाली, तेव्हा आधाराला हा विक्रीकर होता. कापडाच्या ताग्यापासून साबणाच्या वडीपर्यंत थोडे थोडे सगळ्यांकडून घेतले, म्हणून एका व्यसनाकडे पदर पसरण्याची पाळी टळली.

पुढे महाराष्ट्राने बंधने सैल केली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराचे बहुतेक क्षेत्र त्यात गेले. राज्यांच्या स्वतःच्या हाती ज्या थोड्या वस्तू उरल्या, त्यांत ठळक दोनच : मद्य आणि पेट्रोल-डिझेल. मे २०२० मध्ये शाळांना कुलपे होती, तेव्हा दारूच्या दुकानांपुढे लागलेल्या रांगा वाचकांना आठवत असतील. त्या रांगा पाहून पुष्कळजण हसले. मला मात्र १९२१ ची वही दिसली.

दारू वाईट, हे सांगायला पैसा लागत नाही. ती सोडायला सरकारला लागतो. ज्या घराला एकच मिळवता, त्या घरात त्याचे दोष कोणी काढीत नाही. राज्याचेही तसेच असते. म्हणून वही पुजताना मी आता बेरजेवर समाधान मानीत नाही. जमेच्या बाजूला ओळी किती आहेत, तेही मोजतो.