बेवारशी घोडे

मस्टँग म्हटले की आजकालच्या मुलांना मोटारगाडी आठवते. आमच्या घरीही तेच झाले. 'आजोबा, ती फोर्डची ना?' असे उत्तर आले. गाडी आली १९६४ साली. ज्याच्या नावावरून तिचे नाव पडले तो घोडा त्याच्या कितीतरी आधीपासून अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या माळांवर धावतो आहे. मूळ शब्द स्पॅनिश, 'मेस्तेन्यो'. अर्थ असा की बेवारशी, चुकार जनावर. आपल्याकडे गावात असे जनावर सापडले की कोंडवाड्यात घालत, त्यातलेच. हा कोंडवाडा पुढे परत येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

ह्या घोड्याला जंगली म्हणतात खरे, पण वाघ जंगली असतो त्या अर्थाने तो जंगली नाही. १५१९ साली कोर्तेस मेक्सिकोत उतरला तेव्हा त्याच्याबरोबर सोळा घोडे होते. १५९८ मध्ये ओन्यातेच्या तांड्याबरोबर घोडे आजच्या न्यू मेक्सिकोत आले. त्यांतले सुटले, चोरीला गेले, विकले गेले, मूळ रहिवाशांच्या टोळ्यांनी वाढवले. मागाहून गोऱ्या वसाहतवाल्यांचे, लष्कराचे, दिवाळे निघालेल्या शेतकऱ्यांचे घोडेही त्या कळपांत मिसळले. म्हणजे पाळीव आईबापांची रानात वाढलेली पोरे. उंची साधारण ५६ ते ६० इंच, पाय चिवट, खूर कणखर. आपल्या भीमथडी तट्टाची आठवण व्हावी असा बांधा.

गंमत अशी की घोडा हा प्राणी मुळात उत्क्रांत झाला तो अमेरिकेतच. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तिथून नाहीसा झाला आणि जहाजात बसून परत आला. म्हणून तो तिथला घरचा की पाहुणा, हा वाद आजही चालू आहे.

विसाव्या शतकात ह्या घोड्यांचे दिवस फिरले. ट्रॅक्टर आणि मोटारी आल्या, घोड्याचे काम संपले. १९२० च्या दशकात कुत्र्यांचे डबाबंद खाणे निघाले आणि त्यात घोड्याचे मांस जाऊ लागले. दुष्काळी माळावर गवत थोडे. गुरे पाळणाऱ्यांना घोडे म्हणजे फुकट खाणारे तोंड. मग दुसऱ्या महायुद्धानंतर लहान विमाने स्वस्त झाली आणि धंद्याला जोर चढला. विमान डोक्यावर खाली आणायचे, कळप दरीतून सपाटीवर हाकायचा, तिथे ट्रक तयार. दोरखंडाचे एक टोक घोड्याच्या गळ्यात आणि दुसऱ्या टोकाला ट्रकचे जड टायर. ओढून ओढून दमला की चढवा. १९६१ चा 'द मिसफिट्स' हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे दृश्य आठवेल. क्लार्क गेबल आणि मेरिलिन मन्रोचा तो, आर्थर मिलरने लिहिलेला. त्यातही घोडे जातात ते कुत्र्यांच्या डब्यासाठीच.

आता ज्या बाईंसाठी हा लेख लिहायला घेतला त्या.

वेल्मा जॉन्स्टन. नेव्हाडा राज्यातल्या रीनो गावच्या, जन्म १९१२ चा. लहानपणी पोलिओ झाला, कित्येक महिने प्लास्टरच्या साच्यात पडून राहावे लागले. साच्यातून बाहेर आल्या तेव्हा चेहरा आणि पाठ वाकडी झालेली. ती तशीच राहिली. वेदनाही राहिल्या. पुढे त्या एका विमा कचेरीत सेक्रेटरी झाल्या, लग्न झाले, नवराबायकोचा एक छोटा रँच होता. १९५० साली एके सकाळी कामावर जाताना पुढच्या ट्रकमधून रक्त गळताना दिसले. आपण काय करतो? तोंड फिरवतो आणि पुढे जातो. ह्या बाई ट्रकच्या मागे मागे कत्तलखान्यापर्यंत गेल्या. आत विमानाने हाकून आणलेले घोडे होते, छऱ्यांनी जखमी झालेले, आणि त्या गर्दीत पायाखाली तुडवले गेलेले एक शिंगरू.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. सेक्रेटरीला जे येते ते केले. पत्रे टाइप केली, नोंदी ठेवल्या, फोटो जमवले, कोणता नियम कुठल्या खात्याचा हे शोधले. १९५२ मध्ये त्यांच्या स्टोरी काउंटीत विमानाने घोडे पकडायला बंदी झाली. १९५५ मध्ये राज्याचा कायदा झाला, पण त्यात मेख अशी की नेव्हाडातली ऐंशी टक्क्यांहून अधिक जमीन केंद्र सरकारची. तिथे राज्याचा कायदा लागूच नाही! म्हणजे दार बंद केले आणि भिंत उघडी. विरोधकांनी त्यांना चिडवायला 'वाइल्ड हॉर्स ॲनी' म्हणायला सुरुवात केली. बाईंनी ते नाव स्वतःच घेऊन टाकले. १९५९ मध्ये वॉशिंग्टनला साक्ष दिली आणि त्याच वर्षी केंद्राचा कायदा झाला. सरकारी जमिनीवर घोडे पकडायला मोटार किंवा विमान वापरायचे नाही, पाणवठ्यात विष घालायचे नाही. लोक त्या कायद्यालाच 'वाइल्ड हॉर्स ॲनी ॲक्ट' म्हणतात.

तरी घोडे मारले जातच होते, फक्त पद्धत बदलली. पूर्ण संरक्षणासाठी आणखी बारा वर्षे लागली. ती लढाई निम्मीअधिक मुलांनी लढवली. मी उभे आयुष्य वर्गात घालवले, म्हणून हा भाग वाचताना जरा जास्तच रेंगाळलो. जॉन्स्टनबाई शाळांना, मुलांना पत्रे पाठवत. तुमच्या खासदाराला लिहा म्हणत. मुलांनी लिहिले. वहीच्या पानांवर, शिसपेन्सिलीने. त्या मोहिमेला 'पेन्सिलींचे युद्ध' असेच नाव पडले. त्या काळात अमेरिकी संसदेला व्हिएतनाम युद्धाखालोखाल सर्वांत जास्त पत्रे ह्या विषयावर आली असे सांगतात. आमच्या शाळांतून 'तुमच्या गावातील रस्त्याबद्दल तक्रार करणारे पत्र लिहा' हा पाच गुणांचा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला गेला, आणि एकाही मुलाचे पत्र कधी पेटीत पडले नाही. असो.

१९७१ मध्ये दोन्ही सभागृहांत एकही विरोधी मत न पडता कायदा संमत झाला आणि १५ डिसेंबरला अध्यक्ष निक्सन यांनी सही केली. रानातले घोडे आणि गाढवे ही पश्चिमेच्या इतिहासाची जिवंत खूण आहे, त्यांना पकडणे, छळणे, मारणे गुन्हा आहे, असे त्या कायद्याने ठरवले. जॉन्स्टनबाई १९७७ मध्ये वारल्या.

कायद्याने मरण थांबले, पण जनावराचे पुढे करायचे काय? कळप दरसाल पंधरा-वीस टक्क्यांनी वाढतो, म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. त्याला खाणारे शिकारी प्राणी फारसे उरले नाहीत. माळ मात्र तेवढाच. सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट ह्या खात्याच्या हिशेबाने त्यांच्या ताब्यातल्या माळांवर घोडे-गाढवे मिळून साडेपंचवीस हजारांच्या आसपास राहावीत. २०२० साली ती पंचाण्णव हजार होती, २०२५ च्या मोजणीत त्र्याहत्तर हजार. घोडेप्रेमी विचारतात, घोड्यांना सुमारे अडीच कोटी एकर आणि त्याच खात्याच्या साडेपंधरा कोटी एकरांवर गुरांना चराई कशी? प्रश्न रास्त आहे. पण दुष्काळात आटलेल्या डबक्याभोवती उभ्या राहिलेल्या हाडकुळ्या घोडीला त्या उत्तराचा उपयोग नाही. मला दोन्ही बाजूंचे लेख वाचून असे वाटले की रँचवाल्यांना सरसकट खलनायक ठरवणे सोपे आहे, आणि तेवढेच चुकीचे.

मग 'जादा' घोडे गोळा करायचे. १९७६ पासून त्यासाठी हेलिकॉप्टर वापरायला पुन्हा परवानगी मिळाली. ज्या बाईने विमान थांबवले तिच्या हयातीतच! गोळा केलेले घोडे सरकारी गोठ्यांत आणि भाड्याच्या कुरणांत. हाच तो कोंडवाडा. आज त्यात साठ हजारांहून अधिक जनावरे आहेत, आणि २०२३ साली त्यांच्या चाऱ्यापाण्यावर दहा कोटी डॉलरांहून जास्त खर्च झाला. घोडींना गर्भ राहू नये म्हणून पीझेडपी नावाची लस निघाली आहे. डार्टने मारता येते, पण साधारण वर्षाने परत द्यावी लागते. शेकडो मैलांच्या माळावर तीच घोडी पुन्हा शोधणार कोण?

दुसरी वाट दत्तक देण्याची. ती १९७० च्या दशकातच सुरू झाली. घोड्याच्या मानेवर डावीकडे अतिथंड लोखंडाची खूण उमटवतात. भाजल्यासारखा डाग नाही पडत, तिथले केस पांढरे येतात आणि तोच त्याचा नंबर. न माणसाळलेला मोठा घोडा न्यायचा तर सहा फूट उंच कुंपण आणि कमीत कमी चारशे चौरस फूट जागा हवी, शुल्क १२५ डॉलरपासून. वर्षभर नीट सांभाळलात तर मालकीचा कागद मिळतो.

ऐकायला छान. पण १९८४ ते १९८८ मध्ये शुल्क माफ करून मोठमोठे कळप एकेका ठिकाणी दिले गेले, आणि मालकीचा कागद हातात पडताच हजारो घोडे कत्तलखान्यात गेले. २००७ मध्ये अमेरिकेतला घोड्यांचा शेवटचा कत्तलखाना बंद पडला, तर ट्रक मेक्सिको आणि कॅनडाकडे जाऊ लागले. २०१९ मध्ये उलटा प्रयोग: घोडा नेणाऱ्यालाच सरकारने हजार डॉलर द्यायचे. २०२१ मध्ये वर्तमानपत्राने उघड केले की बरेच जण पैसे घेऊन घोडे कत्तलीच्या बाजारात विकत होते. २०२५ मध्ये न्यायालयाने ती योजना रद्द ठरवली. बेवारशी जनावराला वारस मिळाला की ते वाचले असे नाही, वारस कोण हे पाहावे लागते.

घोडा घरी राहील की बाजारात जाईल हे पुष्कळदा एका गोष्टीवर ठरते. माणसाला त्याला हात लावता येतो का? ज्याच्या जवळ जाता येत नाही त्याचे खूर कापता येत नाहीत, औषध देता येत नाही, मालक कंटाळतो. म्हणून पुढची कला महत्त्वाची.

इंग्रजीत घोडा शिकवण्याला जुना शब्द 'ब्रेकिंग', म्हणजे मोडणे. गळ्यात फास, डोळ्यांवर पट्टी, पाठीवर खोगीर, आणि तो उड्या मारून थकेपर्यंत वर बसून राहायचे. आपल्याकडेही घोडा शिकवणाऱ्याला चाबूकस्वार म्हणत, तेव्हा आपण फार शहाणे होतो असे नाही. पण आपल्याकडे दुसरा एक शब्द आहे, माणसाळवणे. ऑरेगॉनकडचे टॉम डॉरन्स, त्यांच्याकडून शिकलेले रे हंट, आणि पुढे बक ब्रॅनमन (२०११ साली त्यांच्यावर 'बक' नावाचा माहितीपट आला) ह्यांनी विसाव्या शतकात अमेरिकेत रुजवले ते हेच. ते 'जेंटलिंग' म्हणतात.

घोडा हे भक्ष्य. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, आपले वाघासारखे समोर. सरळ, टक लावून येणारा म्हणजे खाणारा, हे त्याला आईच्या पोटातूनच ठाऊक. म्हणून गोल आवारात तिरके चालायचे, नजर खाली, रोख खांद्याकडे. घोडा पळेल, पळू द्यावे. एका क्षणी तो थांबतो आणि एक कान तुमच्याकडे वळवतो. तेव्हा पुढे जायचे नाही, एक पाऊल मागे घ्यायचे. सगळी विद्या ह्या मागे घेतलेल्या पावलात आहे. त्याने लक्ष दिले की दडपण गेले, हे त्याला कळते. पुन्हा, पुन्हा. काही जण ह्यासाठी लांब बांबू वापरतात. बांबूच्या टोकाने आयाळ संपते तिथे हलके खाजवायचे, घोडे एकमेकांना खाजवतात ती जागा. तो उभा राहिला की बांबूवर आपला हात जरा पुढे सरकवायचा. कधी तासाभरात बांबू संपून हात लागतो, कधी चार दिवस जातात. मग मोरकी, मग खरारा, मग एकेक पाय उचलून हातात घेणे. हे सगळ्यांत अवघड, कारण पाय देणे म्हणजे पळण्याचा हक्क देणे. पहिलीच्या वर्गात दाराशी पाठ करून उभे राहणारे एखादे पोर असते. त्याच्याकडे न पाहता फळ्यावर चित्र काढत बसले की हळूहळू बाकापर्यंत येते. शिक्षकांना हे सांगायला नको.

२००७ पासून टेक्सासात एक स्पर्धा सुरू झाली: शिक्षकाला रानातला घोडा द्यायचा, सुमारे शंभर दिवस, आणि मग लोकांसमोर त्याची परीक्षा व लिलाव. त्यातून पुष्कळ घोड्यांना घर मिळाले. मला स्वतःला शंभर दिवसांची ती घाई जराशी खटकते.

मला जास्त भावले ते तुरुंगातले काम. कोलोरॅडोत कॅन्यन सिटीच्या तुरुंगात १९८६ साली कैद्यांकडून मस्टँग माणसाळवून घ्यायला सुरुवात झाली, नेव्हाडात कार्सन सिटीला २००० साली. रीनोपासून तासाभराच्या आत, जॉन्स्टनबाईंच्याच मुलखात. कित्येक कैद्यांनी आधी कधी घोड्याला हातही लावलेला नव्हता. भिंतीआड ठेवलेला माणूस आणि कुंपणाआड ठेवलेले जनावर, दोघेही एकमेकांपासून अंतर राखून. ज्याचा राग पटकन चढे त्याला घोडा जवळच येऊ देत नसे, आणि तिथे दुसरा कुणी दोष द्यायला नसे. साधारण चार महिने रोज तेच आवार, तोच घोडा. मग लिलावाचा दिवस. बाहेरचे लोक येत, बाकांवर बसत, आणि कैदी स्वतः त्या घोड्यावर बसून त्याला चालवून, वळवून, थांबवून दाखवत. बोली पुकारली जाई. बोली संपली की खाली उतरायचे, नव्या मालकाला ह्या घोड्याला काय आवडते, कुठल्या बाजूने चढलेले चालत नाही एवढे सांगायचे, आणि लगाम त्याच्या हातात द्यायचा.