हवा किती पौंड?

टायरमध्ये हवा भरण्याची कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनची. तिचं पेटंट 1845 सालचं. ती मागे पडली. 1888 साली बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टरांनी मुलाच्या तीनचाकीसाठी ती नव्याने शोधून काढली.

पण हवा भरणं वेगळं आणि ती पुरेशी आहे का हे पाहणं वेगळं. याची किंमत अमेरिकेने 2000 सालच्या सुमारास मोजली. फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांच्या फायरस्टोन टायरांचे थर सुटत आणि गाड्या उलटत. ऑगस्ट 2000 मध्ये सुमारे 65 लाख टायर परत मागवले गेले. मृतांची संख्या अडीचशेच्या वर गेली. टायरमध्ये दोष होताच. त्यात फोर्डने सुचवलेला दाब होता 26 पौंड. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेरीत जास्त दबतो, रबर तापतं, थरांची पकड ढिली होते.

नोव्हेंबर 2000 मध्ये तिथे कायदा झाला. त्यानुसार सप्टेंबर 2007 पासून प्रत्येक नव्या मोटारीत, दाब 25 टक्के घटला की इशाऱ्याचा दिवा लागलाच पाहिजे. पण 30 चे साडेबावीस होईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो! म्हणून महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, दाब मोजायलाच हवा.

वर्गात हे गणित घाला: गाडी 1000 किलोची, दाब 30 पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.1 किलो. एका चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग किती? जेमतेम 120 चौरस सेंटिमीटर. एका पोस्टकार्डाएवढा!