'साभार परत' आता ई-मेलवर
ऑनलाइन नियतकालिकांकडे कविता पाठवताना

मराठी कवीच्या आयुष्यात 'साभार परत' या दोन शब्दांना एकेकाळी मोठे स्थान होते. कवितेसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, पुरेसे तिकीट लावलेले पाकीट पाठवायचे आणि तेच पाकीट दारात आले की आत काय असणार हे न उघडताच ओळखायचे! केवळ कवितेला वाहिलेले 'काव्यरत्नावली' हे मासिक नारायण नरसिंह फडणीस यांनी जळगावहून १८८७ मध्ये सुरू केले. केशवसुतांच्या कविता त्यात येत. पुढे 'सत्यकथे'त कविता छापून येणे ही कवीला पदवी मिळाल्यासारखे मानले जाई. संपादकांच्या याच अधिकाराविरुद्ध बंड करून लघुनियतकालिकांच्या तरुणांनी १९६९ मध्ये 'सत्यकथे'च्या अंकाची जाहीर होळी केली. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडले आणि १९८५ मध्ये धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील यांचे 'कवितारती' सुरू झाले. यांतले एकही मुंबई-पुण्याच्या मक्तेदारीपुरते नव्हते. निदान जळगाव आणि धुळे यांनी तरी तसे होऊ दिले नाही.

पनवेलच्या कवीला ऐकणारे मिळत नाहीत, असे नाही. १९९१ मध्ये मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन झाली, तेव्हापासून रायगड जिल्ह्यात कविसंमेलनांची वाण नाही. परंतु टाळ्या घेणारी कविता आणि संपादकाने दोनदा वाचून ठेवून घेतलेली कविता यांत अंतर असते. हे अंतर ओलांडण्यासाठी आता टपाल खात्याची गरज उरलेली नाही. मात्र संगणकाचे एक बटण दाबण्याइतके ते सोपेही नाही.

प्रथम संकेतस्थळ कोणत्या जातीचे आहे, ते पाहावे. १९९६ पासूनचे 'मायबोली' किंवा त्यानंतरचे 'मनोगत' यांसारख्या स्थळांवर सदस्य आपली कविता आपणच प्रसिद्ध करू शकतो. तिथे वाचक तात्काळ मिळतो, पण निवड होत नाही. 'हाकारा'सारखे मराठी-इंग्रजी द्वैभाषिक नियतकालिक मात्र अंकाचा विषय ठरवून साहित्य मागवते आणि त्यातून निवड करते. अशा ठिकाणी मागचे दोन अंक न वाचता कविता पाठवणे म्हणजे पत्ता न विचारता पाहुणे जाणे होय. कर्नाळ्याच्या सुळक्यावरची कविता कितीही सुंदर असली, तरी अंक स्थलांतरावर असेल तर ती बाजूला पडणारच.

'अप्रकाशित' या शब्दावर सर्वाधिक घोटाळे होतात. फेसबुकच्या भिंतीवर टाकलेली कविता अनेक संपादक प्रकाशितच समजतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या दहा-वीस जणांच्या गटाबद्दल मतभेद आहेत. संमेलनात वाचलेली कविता बहुधा चालते. शंका असल्यास एका ओळीत तसे कळवावे. लपवलेली गोष्ट पुढे शोधयंत्र उघड करते आणि मग संपादकाचा विश्वास कायमचा जातो. उत्तम कविता प्रथम समाजमाध्यमावर उधळण्याची घाई करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

आता टंकलेखन. श्री-लिपी वा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेली कविता, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन उघडते. म्हणून युनिकोडच वापरावे. त्यातही एक मराठी अडचण आहे. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र नीट टंकला गेला नाही, तर त्याचा 'दर्या' होतो आणि डोंगरातला कवी एकदम समुद्रात पडतो! 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' यांची गत तीच. मोबाइलची स्वयंदुरुस्ती तर बोलीतला शब्द हटकून प्रमाण करून टाकते. आगरी बोलीत लिहिणाऱ्या पनवेल-उरणच्या कवींनी याची विशेष धास्ती बाळगावी. ई-मेलच्या मजकुरात कविता चिकटवल्यास कडव्यांमधील मोकळी ओळ आणि ओळीच्या आरंभीची जागा नाहीशी होऊ शकते. यासाठी वर्डची फाइल आणि तिचीच पीडीएफ प्रत अशा दोन्ही जोडाव्यात, म्हणजे कवीला अपेक्षित मांडणी संपादकाला पडताळता येते. वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवू नये. सोबतचा परिचय तीन-चार ओळींचा पुरे. कवितेचा अर्थ समजावणारे पत्र तर मुळीच नको.

हक्कांची बाब कवी सहसा वाचत नाहीत. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार कविता लिहिली जाताच हक्क कवीचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्यास द्यायचा तर करार लेखी हवा. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर करार भारतापुरता मानला जातो. हक्क दिला तरी कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा कवीचा अधिकार कायम राहतो. म्हणून 'सर्व हक्क नियतकालिकाकडे' असे वाक्य दिसले तर थांबावे व केवळ प्रथम प्रसिद्धीचा हक्क देतो, असे लिहून पाठवावे. पुढे संग्रह काढताना याची किंमत कळते.

दुसऱ्याची कविता अनुवादित करून पाठवणाऱ्यांनी कवीच्या मृत्यूचे वर्ष पाहावे. हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९५६ मध्ये निधन झालेल्या मर्ढेकरांची अशी कविता २०१७ पासून मुक्त आहे. कुसुमाग्रजांसाठी मात्र २०५९ अखेरपर्यंत परवानगी घ्यावी लागेल.

'सहभाग शुल्क' घेऊन प्रत्येकाची कविता छापणाऱ्या संकलनांचा सुळसुळाट आहे. त्यात भाग घेणे गुन्हा नव्हे, पण ती निवड नव्हे, हे मनाशी पक्के असावे.

पाठवलेल्या कवितांची एक वही ठेवावी. तीत कविता, नियतकालिक, तारीख आणि उत्तर यांची नोंद असावी. नियमावलीत मुदत दिलेली नसल्यास तीन महिने वाट पाहून एकच विनम्र स्मरणपत्र धाडावे. एकच कविता दोन ठिकाणी पाठवायची मुभा असेल आणि एकीकडे ती स्वीकारली गेली, तर दुसऱ्या संपादकांस त्याच दिवशी ती मागे घेत असल्याचे कळवावे.