घरचा वस्तरा आणि निसणा

पातें बोथट झालें कीं तें टाकून द्यावें आणि नवें घ्यावें, ही रीत आज इतकी अंगवळणी पडली आहे कीं, वस्तऱ्याला धार लावावी लागते हेंच पुष्कळांच्या स्मरणांतून गेलें आहे. वास्तविक ती रीत जेमतेम सव्वाशें वर्षांची. त्यापूर्वीं एकच वस्तरा पुनःपुन्हां पाजवून बापाकडून मुलाकडे जात असे. कठोपनिषदाच्या कर्त्याला बिकट वाटेसाठीं उपमा हवी होती, तेव्हां त्यालाहि वस्तऱ्याची पाजवलेली धारच आठवली. तेथला 'निशित' हा शब्द आणि आपल्या न्हाव्याचा निसणा हे एकाच कुळांतले आहेत.

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या रस्त्यावर नळदुर्ग मागें टाकलें कीं आठेक किलोमीटरांवर जळकोट लागतें. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यांतलें हें गांव. १८५३ पासून १८६० पर्यंत हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यांत होता. तीं सात वर्षें वगळलीं तर १९४८ पर्यंत येथें निजामाचें राज्य होतें. या बाजूस न्हाव्याला वारीक म्हणतात. बारा बलुतेदारांपैकीं तो एक. वर्षभर गांवाची हजामत करावयाची आणि सुगीच्या वेळीं खळ्यावरून आपल्या वांट्याचें धान्य न्यावयाचें, असा त्याचा व्यवहार. त्याच्या धोकटींत वस्तरा, कातर, चिमटा, नराणी, आरसा, पाण्याची वाटी आणि निसणा एवढें असलें म्हणजे त्याचें दुकान भरलें. संत सेना महाराजांच्या नांवावर असलेल्या प्रसिद्ध अभंगाचें सारें रूपक या धोकटीवरच उभारलेलें आहे.

या सामानांत निसणा दिसावयास सर्वांत सामान्य. पण त्यावांचून वस्तरा म्हणजे लोखंडाची पट्टी. जळकोटच्या भोंवतालची भूमि काळ्या पाषाणाची. तसल्या पाषाणावर विळा घासून भागतें, वस्तरा भागत नाहीं. त्याला असा दगड लागतो कीं ज्याचा कण बोटालाहि जाणवूं नये. बेल्जमच्या आर्देन डोंगरांतला पिवळट दगड यासाठीं जगभर नांवाजलेला आहे. त्यांत गार्नेटचे अतिसूक्ष्म कण असतात आणि तेच पोलाद खातात.

वस्तरा घडविणाऱ्यांनीं एक मोठी युक्ति केली आहे. सुरीला धार लावतांना ती दगडावर किती कलती धरावयाची हें मनगटानें ठरवावें लागतें, आणि मनगट थकलें कीं कोन चुकतो. वस्तऱ्याची पाठ मात्र मुद्दाम जाड ठेवलेली असते. पातें दगडावर अगदीं आडवें टेकावें. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळीं दगडाला लागतात आणि कोन आपोआप सांपडतो. पात्याची रुंदी १६ मिलिमीटर आणि पाठीची जाडी साडेचार मिलिमीटर धरली, तर तो कोन सुमारें १६ अंशांचा येतो. दगडावर पाणी किंवा तेल घालून धार पुढें ठेवून वस्तरा सरकवावयाचा. टोकाशीं आल्यावर तो उलटवावयाचा तो पाठीवरून, धारेवरून कधींहि नाहीं. जोर लावावयाचा नाहीं. पात्याचें स्वतःचें वजन बहुधा पुरेसें होतें. मग चामड्याच्या पट्ट्यावर तोच वस्तरा उलट्या दिशेनें, म्हणजे पाठ पुढें व धार मागें ठेवून फिरवावयाचा. येथें दिशा चुकली तर पट्टाच कापला जातो. दगडाचें काम क्वचित् पडतें, पट्ट्याचें मात्र हजामतीगणिक.

इतका सोपा हा विधि. मग तो शतकानुशतकें एकाच जातीच्या हातीं कां राहिला? कारण तो केवळ कसबाचा प्रश्न नव्हता. वस्तरा कोणाच्या अंगाला लागावा आणि कोणाच्या लागूं नये, हें निसण्यानें नव्हे, गांवानें ठरविलेलें होतें. अस्पृश्य मानलेल्यांची हजामत न्हाव्यानें करावयाची नाहीं, असा दंडक होता. आणि न्हाव्यानें तो मोडला तर उरलेलें गांव त्याच्याकडे पाठ फिरवी. अर्थात् अशा घरांत हें काम घरच्या घरीं करण्यावांचून गत्यंतर नव्हतें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत १९०१ च्या सुमाराचें साताऱ्याचें वर्णन केलें आहे. साताऱ्यांत न्हावी होते आणि घरांत न्हाव्याला देण्यापुरते पैसेहि होते. तरी मुलांचे केस कापण्याचें व हजामतीचें काम थोरली बहीण करी, आणि करतां करतां त्यांत ती निष्णात झाली होती. स्वतःच्या घरीं हजामत ही सुशिक्षितांनीं काढलेली नवी टूम, असें समजणाऱ्यांनीं हें घर आधीं पाहावें.

याच वस्तऱ्याची दुसरीहि बाजू होती. नवरा मेला कीं ब्राह्मण विधवेचें केशवपन व्हावयाचें, आणि तेंहि न्हाव्याच्याच हातून. १८९० सालीं मुंबईच्या न्हाव्यांनीं सभा भरवून हें काम करण्याचें नाकारलें. 'दीनबंधु'चे संपादक आणि गिरणीकामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यांत पुढाकार होता. शास्त्रार्थाच्या वादांत पंडितांचीं तोंडें दुखत असतांना ज्यांच्या हातीं हत्यार होतें त्यांनीं तें खालीं ठेवलें, ही गोष्ट आपल्या सुधारणेच्या इतिहासांत असावी तितकी ठळक नाहीं.

शहरांतल्या पांढरपेशांच्या घरीं वस्तरा आला तो निराळ्या वाटेनें. आगगाडी सोलापूरपर्यंत १८६० सालीं पोंचली आणि मुंबईच्या बंदरांत उतरलेला माल तिनें आंत आणला. त्यांत शेफील्डचे वस्तरे होते. पुढें जर्मनींतल्या झोलिंगेनचे आले. गंमत अशी कीं, चांगल्या पोलादासाठीं दक्षिण हिंदुस्थानचीच एके काळीं ख्याति होती. निजामाच्या राज्यांतलें कोनसमुद्रम् हें गांव मुशींत केलेल्या पोलादासाठीं प्रसिद्ध होतें. मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं १७९४ सालीं अशा पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. तेथला जेम्स स्टोडार्ट हा शस्त्रें घडविणारा कारागीर त्यावर इतका लुब्ध झाला कीं, त्याचें मर्म शोधण्यासाठीं त्यानें पुढें मायकेल फॅरडेला हाताशीं धरलें. त्या प्रयोगांतल्या मिश्र पोलादाचे वस्तरे फॅरडेनें आपल्या मित्रांना भेट दिले होते.

कचेरींत रोज गुळगुळीत दाढीनें जावें लागूं लागलें, तेव्हां ठराविक वारीं येणारा न्हावी पुरेना. वस्तरा विकत मिळे. धार मात्र विकत मिळत नसे. ती न्हाव्याकडून लावून घ्यावी किंवा आपण शिकावी. पण ही अडचण फार दिवस टिकली नाहीं. किंग जिलेट या अमेरिकन गृहस्थाचें फेकून देण्याजोगें पातें १९०३ सालीं बाजारांत आलें. त्या वर्षीं अवघे ५१ वस्तरे आणि १६८ पातीं खपलीं. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सरकारनें आपल्या शिपायांसाठीं ३५ लाख वस्तरे घेतले, आणि त्यानंतर या धंद्याला मागें पाहावें लागलें नाहीं. तीं पातीं येथल्या शहरांत रुळलीं आणि घरोघरच्या निसण्याचें शिक्षण अर्ध्यावरच राहिलें.

खेड्यांत मात्र धोकटी चालूच होती, आणि तिच्याबरोबर दंडकहि. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं सकाळीं नळदुर्गाजवळचा बोरी नदीचा पूल हिंदी सैन्यानें हस्तगत केला आणि नऊच्या सुमारास चिलखती गाड्या जळकोटांत शिरल्या. निजामी राज्य पांच दिवसांत संपलें. पुढें अडीच महिन्यांनीं, २९ नोव्हेंबर रोजीं, घटनासमितींत दुकानें सर्वांना खुलीं ठेवण्याच्या कलमावर चर्चा झाली. 'दुकान' या शब्दाचा अर्थ काय, असा प्रश्न निघाला. डॉ. आंबेडकरांनीं उत्तर दिलें कीं, येणाऱ्या कोणालाहि आपली सेवा देण्यास मालक जेथें तयार असतो तें दुकान. नुसतें आंत पाऊल टाकूं देणें पुरेसें नाहीं, सेवाहि मिळाली पाहिजे. ज्या बालकाचे केस साताऱ्यांत बहिणीला कापावे लागले होते त्याचें हें उत्तर. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यानें अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणें हा गुन्हा ठरविला. कायदा झाला म्हणून गांवोगांवचे वस्तरे दुसऱ्या दिवशीं सर्वांसाठीं उघडले, असें मात्र झालें नाहीं. पुष्कळ ठिकाणीं त्यासाठीं भांडावें लागलें.

निसण्याला खरी रजा मिळाली ती पुढें. रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांची धास्ती वाढली; १९८६ सालीं भारतांत एच्.आय्.व्ही.चें पहिलें निदान झालें. आतां सलूनांत वस्तऱ्याच्या आकाराच्या मुठींत पात्याचा अर्धा तुकडा बसवितात आणि गिऱ्हाइकागणिक बदलतात. आरोग्याच्या दृष्टीनें हें उत्तम झालें.

तरी जुना वस्तरा घेऊन तो घरीं निसणारे हौशी लोक आजहि आहेत, आणि त्यांच्यांत एक वाद आहे. दगडावर धारेबरोबर पाठहि झिजते. तेव्हां तिच्यावर विजेच्या तारांना गुंडाळतात ती चिकटपट्टी लावावी कीं नाहीं? पट्टीची जाडी मिलिमीटराच्या आठव्या हिश्शाइतकी. दोन्ही अंगांनीं मिळून ती कोन सुमारें एका अंशानें वाढविते. एवढ्यानें दाढीला बाध येत नाहीं. पाठीवर सोनेरी वेलबुट्टी असेल तर पट्टी अवश्य लावावी. परंतु साध्या वस्तऱ्याला ती न लावणेंच बरें. पट्टीखालीं पाठ अखंड राहते आणि पातें तेवढें अरुंद होत जातें. त्यामुळें वर्षानुवर्षांनीं कोन बोथट होऊं लागतो. पट्टी नसेल तर पाठ आणि पातें एकमेकांच्या प्रमाणांत झिजतात आणि कोन जवळजवळ तोच राहतो. जुन्या बाजारांत मिळणाऱ्या वस्तऱ्यांच्या पाठीवर दोन्ही अंगांना एक चकचकीत सपाट पट्टा दिसतो. तो जितका रुंद, तितक्या वेळां तें पातें निसण्यावरून गेलेलें असतें.