सात बर्फ आणि एक फावडं

केंजी निइनुमा या जपानी गायकाचं ‘त्सुगारू कोइ ओन्ना’ हे १९८७चं गाणं. होन्शू बेटाच्या उत्तर टोकावरच्या त्सुगारू प्रांतात म्हणे सात प्रकारचा बर्फ पडतो, आणि ती सातही नावं गाण्यात सुरावर चढवलेली आहेत. भुरभुरीत तो कोनायुकी, कणीदार तो त्सुबुयुकी, कापसासारखा वातायुकी, पाणी धरलेला मिझुयुकी, घट्ट झालेला कातायुकी, रवाळ झारामेयुकी आणि गोठून दगड झालेला कोओरियुकी.

यादी मात्र गीतकाराची नाही. कादंबरीकार ओसामू दाझाई याने १९४४ साली आपल्या जन्मभूमीवर ‘त्सुगारू’ हे पुस्तक लिहिलं, त्याच्या आरंभीच ती छापलेली आहे. त्यानेही ती ‘तोओ नेन्कान’ या आओमोरीकडच्या वार्षिकातून उचलली होती. त्या वार्षिकात हे प्रकार पडणाऱ्या बर्फाचे नव्हतेच, जमिनीवर साचलेल्या बर्फाचे होते. गाण्यात येईपर्यंत ते आकाशात गेले. कोओरियुकी खरोखरच वरून पडू लागला तर त्सुगारूत एक कौल शाबूत राहणार नाही!

जपानी लोकांच्या बर्फाच्या शब्दांचं कौतुक करताना त्यांच्या हळुवार निसर्गप्रेमाचा दाखला नेहमी दिला जातो. त्यात तथ्य आहे, पण या शब्दांचं एक कुळ दरबारातलं आणि दुसरं फावड्याचं. कौतुक होतं ते बहुधा पहिल्याचंच.

दरबारातलं कुळ जुनं. आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहातली शेवटची कविता ७५९ सालच्या नववर्षदिनाची आहे. इनाबा प्रांतावर अधिकारी म्हणून गेलेला ओतोमो नो याकामोची त्या दिवशी पडणाऱ्या बर्फाकडे शुभशकुन म्हणून पाहतो. पुढे राजधानी क्योतोला आली. तिथे बर्फ पाहुण्यासारखा येतो आणि वितळून जातो, त्यामुळे त्याची वाट पाहणं परवडतं. मोसमातला पहिला तो हात्सुयुकी, हलका आणि लगेच विरणारा आवायुकी, मुद्दाम बर्फ बघायला जाणं ते युकिमी. हिम, चंद्र आणि फुलं यांची ‘सेत्सुगेक्का’ ही त्रयी चिनी कवी बाई जुयीच्या ओळीवरून आली आणि जपानी सौंदर्यदृष्टीचं ब्रीद होऊन बसली. हायकूंच्या ऋतुकोशांनी असे शब्द जपले आणि वाढवले. काझाहाना, म्हणजे वाऱ्याची फुलं, हा त्यातला एक देखणा शब्द: आभाळ निरभ्र असताना कुठूनसे तरंगत येणारे चार कण.

हे कण येतात डोंगरापलीकडून. हिवाळ्यात सायबेरियाचा कोरडा, थंड वारा जपानच्या समुद्रावरून येताना तिथल्या उबदार प्रवाहाची वाफ पिऊन घेतो आणि होन्शूच्या डोंगररांगांना धडकून पश्चिम बाजूला सगळी रिकामी करतो. पूर्वेला, तोक्योकडे, कोरडं ऊन. याच वाऱ्याच्या वाटेवरच्या इबुकी डोंगरावर मात्र १४ फेब्रुवारी १९२७ रोजी ११.८२ मीटर बर्फ साचलेला मोजला गेला.

याच पश्चिम बाजूच्या एचिगो प्रांतात, आजच्या निइगातामध्ये, शिओझावा नावाचं गाव आहे. तिथे १७७० साली सुझुकी बोकुशी जन्मला. घरचा धंदा चिजिमी या तलम, चुरगळलेल्या पोताच्या कापडाचा. हे कापड हिवाळ्यात घराघरांत विणलं जाई आणि उन्हाचे दिवस आले की बर्फावर पसरून शुभ्र केलं जाई. एकोणीस वर्षांचा बोकुशी ते विकायला एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला गेला. आपल्याकडे बर्फात घरं बुडतात हे त्या शहरात कुणाच्या गावीही नाही, हे पाहून तो चक्रावला. यावर पुस्तक लिहायचं त्याने ठरवलं, आणि ते छापून यायला सुमारे चाळीस वर्षं लागली. सान्तो क्योदेन, क्योकुतेइ बाकिन अशा त्या काळच्या बड्या लेखकांची त्याने मनधरणी केली. कुठे पैशांवर अडलं, कुठे आश्वासनांवर. अखेर क्योदेनचा धाकटा भाऊ क्योझान याने ते मनावर घेतलं आणि १८३७ साली ‘होकुएत्सु सेप्पु’चा पहिला भाग एदोत निघाला. तेव्हा बोकुशी सदुसष्ट वर्षांचा होता.

पुस्तकाचा सूर सुरुवातीपासून थोडा तिरकस आहे. ऊबदार मुलखातले लोक पहिल्या बर्फावर कविता करतात, मद्याचे प्याले रिचवतात. आमच्याकडे त्याच बर्फाबरोबर कष्टांचे दिवस सुरू होतात, असं तो सुनावतो. मग येतात गावचे शब्द. छपरावरचा बर्फ काढणं याला इतरत्र झाडणं म्हणतील, एचिगोत त्याला युकिहोरी म्हणतात, म्हणजे बर्फ खणणं, कारण काम माती खणण्याचंच असतं. त्यासाठीचं बीच लाकडाचं फावडं ते कोसुकी. पायाखाली बांधायची वेताफांद्यांची चकती ती कान्जिकी. वादळी हिमवर्षाव तो फुबुकी, कोसळणारा हिमकडा तो नादारे. फुबुकीवरची त्याची प्रकरणं आजही अंगावर काटा आणतात. (हाच फुबुकी पुढे शहरात जाऊन चेरीच्या पाकळ्यांच्या वर्षावाला ‘हानाफुबुकी’ म्हणून शोभू लागला. शब्दांचं नशीब!)

याच पुस्तकात हिमकणांची चित्रंही आहेत, ती बोकुशीने कोगा संस्थानचा अधिपती दोइ तोशित्सुरा याच्याकडून घेतली. हा सरदार डच सूक्ष्मदर्शक लावून वीसेक वर्षं हिमकण पाहत बसला आणि १८३२ साली ८६ आकृत्यांचा ‘सेक्का झुसेत्सु’ त्याने काढला. सेक्का म्हणजे हिमपुष्प. एदोच्या बायकांनी ही षट्कोनी फुलं पुस्तकातून उचलून किमोनोंवर नेली.

दोन्ही कुळं एकत्र आली ती साप्पोरोच्या प्रयोगशाळेत. होक्काइदो विद्यापीठातल्या उकिचिरो नाकाया याने १२ मार्च १९३६ रोजी सशाच्या केसावर जगातला पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. दोन वर्षांनी त्याने लिहिलेल्या ‘युकी’ या छोट्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात बोकुशी भेटतो. पुढे शास्त्रज्ञांनी साचलेल्या बर्फाचं वर्गीकरण केलं तेव्हा त्यांनी ग्रीक-लॅटिन धुंडाळलं नाही. दबून घट्ट झालेला तो शिमारियुकी, वितळून-गोठून रवाळ झालेला तो झारामेयुकी. झारामे ही वाण्याकडे मिळणारी जाड दाण्याची साखर, आणि ‘झारा-झारा’ हा आपल्या ‘खरखरीत’सारखा नादशब्द. हिमकड्यांचा धोका तपासणारा संशोधक आजही आपल्या नोंदवहीत साखरेचंच नाव लिहितो.

हवामान खात्याने काही जुन्या शब्दांना फूटपट्टी लावली. वरून पडणाऱ्या बर्फाच्या गोळ्याचा व्यास पाच मिलिमीटरच्या आत असेल तर आरारे, पाच किंवा जास्त असेल तर ह्यो.

नवे शब्द मात्र अजूनही खणणाऱ्यांकडूनच येतात. शोवा शकाच्या ३८व्या वर्षी, म्हणजे १९६३ साली, नागाओकात ३१८ सेंटिमीटर बर्फ साचला. त्या आपत्तीला ‘सानपाची गोओसेत्सु’, ‘तीन-आठचा महाहिमपात’, हे नाव कायमचं चिकटलं. त्याच नागाओकात १९६१ साली रस्त्यात नळ पुरून भूजलाचे फवारे मारायला सुरुवात झाली होती, त्याला म्हणतात शोओसेत्सु पाइप. त्या पाण्यातल्या लोहामुळे शहरातले रस्ते तांबूस झाले आहेत. आणि कोसुकीची जागा घेतलेलं दोन हातांनी ढकलायचं रुंद सुपडं घरोघरी ‘मामासान दांपु’ म्हणून ओळखलं जातं: डंपरइतका बर्फ नेणारं, पण घरातल्या आईलाही झेपेल असं.